आठ कॅन समुद्र

२ मार्च १९८६, रविवार. सकाळी ११

तिसरा कॅन ट्रकमधून उतरवताना झाकण निघालं आणि निदान पाच लिटर समुद्र शाळेच्या पायरीवर सांडला. शिपाई महांतप्पानं त्यात बोट बुडवून चाखलं आणि थुंकला. त्याला सांगितलं, हे पिण्यासाठी नाही, शिक्षणासाठी आहे.

बाकीचे सात कॅन सुखरूप. सहा टाकीत ओतले, दोन राखून ठेवले. टाकी गफार मिस्त्रीनं केली आहे. लोखंडी अँगल, खिडकीच्या काचा, लांबी चार फूट. प्रयोगशाळेत दक्षिणेच्या खिडकीखाली ठेवली, म्हणजे भरपूर ऊन मिळेल.

पाणी किंचित पांढरट दिसतं. वर फेस आहे. समुद्राला फेस असतोच.

तीन मासे, पिवळे, अंगावर काळे पट्टे. एक दगड, त्याला फुलासारखं एक जनावर चिकटलेलं. दोन शंख, तेही चालतात. ट्रकवाल्या आयुबनं हे सगळं रत्नागिरीच्या एका कोळ्याकडून मागून आणलं. आयुब आमच्या मुरुम गावची तूरडाळ घेऊन तिकडं जातो आणि रिकामा परत येतो. या वेळी समुद्र घेऊन आला.

दुपारी ४

हा उद्योग कशासाठी, ते एकदा लिहून ठेवतो. पुढं कुणी विचारलं तर तारखेनिशी दाखवता येईल.

हेडसर ३० एप्रिलला रिटायर होतात. जानेवारीत नानासाहेब सहकाराच्या बैठकीला मुंबईला गेले होते. तिथं त्यांनी काचेच्या पेटीत समुद्रातले मासे पाहिले. आल्यावर स्टाफ मीटिंगमध्ये म्हणाले, आपल्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही. मी हात वर केला. बसवराज सर खिडकीबाहेर बघत होते.

नानासाहेब शाळेचे चेअरमन आहेत आणि दूध संस्थेचेही. दुष्काळात दूध आटल्यामुळं संस्थेचे निम्मे कॅन पडून होते, ते त्यांनीच दिले. १ मेला झेंडावंदनानंतर टाकीचं उद्घाटन आणि त्याच कार्यक्रमात नव्या हेडमास्तरांचं नाव जाहीर. दोन्ही एकाच दिवशी ठेवण्यामागचा हेतू उघड आहे.

उमेदवार दोन, मी आणि बसवराज. सिनिऑरिटी सारखी. दोघं एकाच तारखेला रुजू झालो, फक्त ते सकाळी आणि मी दुपारच्या एसटीनं. त्यांचं म्हणाल तर गणित शिकवतात, पोर्शन वेळेत संपवतात. असा माणूस फार तर वर्गशिक्षक व्हावा.

समुद्राचा मला अनुभव आहे. १९६९ साली ट्रेनिंगला असताना पाहिला होता. वीस मिनिटं.

३ मार्च

सागरी टाकीवरचं एक इंग्रजी पुस्तक पुण्याहून मागवलं आहे. तीन प्रकरणं वाचून झाली. चौथ्यापासून पुढं नुसत्या अडचणी आहेत. ती वाचायची गरज पडणार नाही.

५ मार्च

एक मासा गेला. जगायला लायक नसावा.

६ मार्च

दुसराही.

उरलेला चांगला धट्टाकट्टा आहे. एकाकडे लक्ष देणं सोपं जातं. तीन म्हणजे गर्दीच होती.

१४ मार्च

काचेवर तपकिरी थर आला आहे. आठवीच्या मुलांना सांगितलं की ही टाकी मुरल्याची खूण आहे, लोणच्यासारखी. मुलांनी लिहून घेतलं.

तरी दिसायला बरं नाही म्हणून फळ्याच्या डस्टरनं काच आतून पुसली. दोन तास काहीच दिसेना. मग खडूची भुकटी खाली बसली.

दीड तास लाईट नव्हती. हवेचा पंप बंद. सायकलचा पंप लावून हवा भरली. पहिली वीस मिनिटं मी, पुढं महांतप्पा.

२२ मार्च

आज दगडावर पहिला हिरवा ठिपका. सकाळी नव्हता, दुपारी होता.

मधल्या सुट्टीत अर्धी शाळा बघायला आली. साहजिक आहे. बाहेर कडुनिंब सोडला तर हिरवं असं काही नाही. गावाबाहेरचं माळरान भाजलेल्या पापडासारखं झालं आहे. इथं मात्र न पेरता, न लावता हिरवळ आली. परिस्थिती अनुकूल असल्याशिवाय असं होत नाही.

बसवराजांनी विचारलं, शेवाळ का? मी म्हणालो, अल्गी. ते बरं म्हणाले आणि वर्गावर गेले. माणसाला जिज्ञासा म्हणून नाही.

२९ मार्च

दगडाला दाढी आली आहे. बोटभर लांब, हिरवी, मऊ. फुलासारखं जनावर दाढीत कुठंतरी आहे.

आजपासून शिस्त. रोज सकाळी सातला ब्लेड घेऊन टाकीशी हजर. आधी माझी दाढी, मग दगडाची.

३० मार्च

माझी केली.

३१ मार्च

दोन्ही केल्या. दगडाची संध्याकाळपर्यंत पुन्हा दिसू लागली. माझीही, पण कमी.

३ एप्रिल, गुरुवार

महत्त्वाची नोंद. टाकीच्या वरच्या काठाला पांढरे खडबडीत कण धरू लागले आहेत. अँगलवर तर जाड थर आहे. भिंगातून पाहिलं. चकाकतात. पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिलं.

प्रवाळ तयार होत आहे.

इतक्या लवकर अपेक्षा नव्हती. नानासाहेबांना लगेच पत्र लिहून महांतप्पाबरोबर पाठवलं. "मुरुममध्ये प्रवाळाच्या निर्मितीस प्रारंभ झाला आहे, हे कळविण्यास आनंद होतो." प्रत हेडसरांना. प्रत नोटीस बोर्डावर, म्हणजे बसवराजांनाही.

५ एप्रिल

नानासाहेबांचा निरोप आला. खूश आहेत. १ मेला उमरग्याहून, तुळजापूरहून पाहुणे बोलावणार. मंडप घालायला सांगितला आहे.

टाकीतलं पाणी रोज बोटभर उडतं. ऊन फार. राखलेल्या दोन कॅनमधून रोज भर घालतो आहे. दूरदृष्टी कामाला आली.

६ एप्रिल, रविवार

दाढीच्या नादात जेवायला गेलो नाही म्हणून बायको, मालन, डबा घेऊन शाळेत आली. टाकीकडे बराच वेळ पाहत उभी राहिली. मला वाटलं, भारावली. मग तिनं काठावरच्या प्रवाळावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"मीठ हाय की वो हे."

मी तिला प्रवाळ म्हणजे काय ते थोडक्यात सांगितलं. तिनं विचारलं, कमी झालेल्या जागी काय ओतता? म्हणालो, समुद्राचंच पाणी. ती म्हणाली, सांडगी मिरची उन्हात घातली की ताकातलं पाणी उडून जातं, मीठ कुठं जातं? मागंच राहतं. तुम्ही वरून आणि खारं ओतताय. मासा हाय का मिरची?

मी म्हणालो, समुद्राचं शास्त्र वेगळं असतं. ती डबा ठेवून गेली.

नंतर आठवलं. आठवी, बाष्पीभवन. बशीत मिठाचं पाणी घेऊन खिडकीत ठेवायचं, दुसऱ्या दिवशी मीठ दाखवायचं. हा प्रयोग मी सतरा वर्षं करतो आहे. याच खिडकीत.

मालन चौथी शिकलेली. तिला हे माहीत असणं म्हणजे माझ्या सहवासाचाच परिणाम.

७ एप्रिल

म्हणजे भर गोड्या पाण्याची घालायला हवी. हिशेब केला. रोज सहा लिटर. अर्धी बादली.

घरी विषय काढला. टँकर एक दिवसाआड येतो. मालन पहाटेपासून रांगेत असते, तेव्हा तीन घागरी मिळतात. मी फक्त अर्ध्या बादलीचं म्हणालो होतो. तिनं घागर उचलून माझ्यापुढं ठेवली, त्यावर चुंबळ ठेवली आणि म्हणाली, परवापासून रांगेत तुमी जावा, मग कुठं वतायचं तिथं वता.

सतरा वर्षं सर्व्हिस झालेल्या शिक्षकानं बायकांच्या रांगेत चुंबळ घेऊन उभं राहणं संस्थेच्या प्रतिष्ठेला धरून होणार नाही. हा विचार मालनच्या डोक्यात आला नसावा.

नानासाहेबांना प्रवाळाबद्दल कळवावं का? पत्राचा मसुदा केला. तूर्त ठेवला. प्रवाळ पुढंमागं येऊही शकतं.

८ एप्रिल

प्रश्न सुटला. स्टाफरूममध्ये रांजण आहे. महांतप्पा शाळेला रोज येणाऱ्या टँकरवरून चार घागरी आणून भरतो. शिक्षक अकरा. अकरा माणसांना चार घागरी काय करायच्या? मी स्वतः सकाळी एक तांब्या पितो, बस. न प्यायलेलं पाणी माझ्या नावावर शिल्लक राहतं, असं धरायला हरकत नाही.

सकाळी सातला, दाढीच्या वेळेला, अर्धी बादली घेतली. ही चोरी नव्हे. पाणी शाळेतून शाळेतच गेलं.

१० एप्रिल

शेवाळावर नैसर्गिक उपाय. पुस्तकात (प्रकरण दुसरं) लिहिलं आहे की गोगलगायी शेवाळ खातात. तेरच्या साडूंना कळवलं होतं. त्यांनी तेरणेच्या उरल्यासुरल्या डबक्यातून चौदा गोगलगायी ओल्या फडक्यात बांधून एसटीनं पाठवल्या. कंडक्टरनं मेथी समजून जपून आणल्या.

दुपारी दीडला टाकीत सोडल्या.

दुपारी ३

अकरा गोगलगायी काचेवर चढून बाहेर आल्या. एक फळ्यावर आहे. तिघी आत टिकल्या. निष्ठा अशी दिसते.

११ एप्रिल

तिघी मेल्या होत्या. नदीची गोगलगाय समुद्रात जगत नाही, हे साडूंनी कळवायला हवं होतं.

१२ एप्रिल

स्टाफरूममध्ये कुरकुर. रांजण दुपारी बारालाच तळाला लागतो. चित्रकलेच्या बाईंनी हेडसरांकडे तक्रार केली. बसवराज दोन दिवसांपासून घरून फिरकीचा तांब्या आणतात. दाखवण्याची हौस.

दुपारी महांतप्पा प्रयोगशाळेत आला. हेडसर त्याला बोलले होते. दारात उभा राहून म्हणाला, "सर, म्या रोज चार घागरी वततो. रांजण फुटका न्हाय."

त्याला बसवलं आणि समजावून सांगितलं. मातीच्या भांड्याला सूक्ष्म छिद्रं असतात. उन्हाळ्यात त्यातून पाणी झिरपतं, म्हणून तर ते गार राहतं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. जाताना खाली बघत गेला. रांजणापासून टाकीपर्यंत फरशीवर थेंबांची रांग होती. उद्यापासून बादली पुसून न्यायला हवी.

१६ एप्रिल, बुधवार

आज कडूबाई आल्या. दूध संस्थेत कॅन धुतात. एक कॅन परत न्यायचा होता. टाकी पाहून त्यांनी विचारलं, ह्या गवताचं काय करता? काढून फेकतो म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं. घरी शेळी आहे, तिला दोन महिन्यांत हिरवं मिळालेलं नाही.

शास्त्रीय साहित्य शेळीला घालणं बरं वाटेना. पण तीन दिवसांची दाढी टोपलीभर साचली होती. दिली. शेळी बाहेर बांधली होती. तिनं मिनिटभरात संपवलं आणि खिडकीतून आत डोकं घातलं. प्रकल्पाला आजवर मिळालेला सर्वांत चांगला प्रतिसाद.

मग कडूबाईंनी कॅनमध्ये डोकावून वास घेतला आणि हसल्या. म्हणाल्या, सायीचा वास येतोय अजून.

मी विचारलं, कॅन धुऊन दिले होते ना?

"यंदा धुवायला पाणी कुठंय सर? फडक्यानं पुसतो अन् पालथं घालतो. तेवढ्यानं दूध नासत न्हाय."

त्या गेल्यावर पुस्तक काढलं. प्रकरण चौथं. नाव : शेवाळ. पहिलं वाक्य : भांडी स्वच्छ असावीत.

म्हणजे तो फेस समुद्राचा नव्हता.

सहा आठवडे मी शेवाळाला दूध पाजतो आहे.

चूक आयुबची. तो प्रत्यक्ष समुद्रात उभा होता. तिथं पाण्याला काय तोटा होता? कॅन विसळून घ्यायला नकोत?

१७ एप्रिल

प्रकरण चौथं म्हणतं : निम्मं पाणी बदला. ऊन टाळा. मोजकंच खाऊ घाला.

खिडकीला घोंगडी लावली. पाणी बदलायचं तर समुद्र हवा. आयुबला निरोप पाठवला.

१८ एप्रिल

आयुब स्वतः येऊन गेला. म्हणाला, सरकारी कडबा वाहायचं काम लागलंय, मुरुम ते ईट गाव, रोज एक खेप. रत्नागिरी आता १ मेच्या आधी नाही. जनावरं मरायला लागली सर, समुद्र थांबंल की थोडा.

कॅनबद्दल बोललो. तो म्हणाला, तुम्ही पाणी आण म्हणालात, कॅन धू म्हणाला नव्हतात. मग माझं तोंड बघून म्हणाला, माझीच चूक. त्याच्यात मोठेपणा आहे.

१९ एप्रिल

महांतप्पाच्या वडिलांच्या मळ्यातल्या विहिरीत शेवाळ धरलं की मोरचूद टाकायचे. एका दिवसात पाणी निवळायचं. सगळ्या गावाला माहीत असलेला हा उपाय एकाही इंग्रजाला सुचला नाही.

तराजूवर मोजून टाकला. अंदाजानं.

२० एप्रिल

शेवाळ पिवळं पडलं. विजय.

फुलासारखं जनावर दगडावरून सुटून खाली पडलं आहे. शंख चालत नाहीत. मासा कोपऱ्यात जोरात श्वास घेतो आहे. सायकलचा पंप दिवसभर चालवला. आज महांतप्पाला बोलावलं नाही. सगळा मीच मारला.

२२ एप्रिल

मासा वाचला. शेवाळही वाचलं. बाकी कुणी नाही.

२३ एप्रिल, बुधवार

हेडसरांनी महांतप्पाला मेमो दिला. कामात कुचराई, पिण्याचं पाणी अपुरं भरणे. खुलासा समाधानकारक नसल्यास पुढील कारवाई. महांतप्पाला मराठी नीट वाचता येत नाही, कानडी येतं. मेमो वाचून घ्यायला तो माझ्याकडेच आला.

वाचून दाखवला. खुलासाही मीच लिहून दिला. छान उतरला. मातीच्या भांड्यांची सच्छिद्रता, उष्णतामान, सगळं घातलं. त्यानं अंगठ्याऐवजी सही केली आणि आभार मानले.

चहा घशाखाली उतरेना. मग एक विचार सुचला आणि उतरला. मी हेडमास्तर झालो की पहिला हुकूम हा मेमो रद्द करण्याचा. तेव्हा हेडमास्तर होणं आता केवळ माझ्यासाठी उरलेलं नाही. महांतप्पाचं भलं त्यातच आहे. आत्ता खरं सांगितलं तर मी हेडमास्तर होणार नाही, मग मेमो रद्द कोण करणार?

मालनला हे सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, मेमो तुमच्यामुळं, अन् उपकारबी तुमचेच? तिला ऑफिसच्या कामाची पद्धत माहीत नाही.

२४ एप्रिल

रांजणातून पाणी घेणं बंद. पक्कं.

२५ एप्रिल

पाणी दोन बोटं खाली गेलं. मासा वाकडा पोहतो. फक्त आज घेतलं.

२६ एप्रिल

आज आणि उद्याचं मिळून घेतलं. म्हणजे उद्या घ्यायला नको.

२७ एप्रिल

उद्याचं आजच संपलं.

टाकीच्या तीन भिंती हिरव्या. समोरची काच तेवढी ब्लेडनं साफ ठेवली आहे. त्यातून आत पाहिलं की ज्वारीच्या रानात उभं राहिल्यासारखं वाटतं. दोन वर्षांपूर्वीच्या.

यावरून मार्ग सुचला. पाटी बदलायची. "मुरुमची प्रवाळसृष्टी" खोडून "सागरी कुरण". समुद्राच्या तळाशी कुरणं असतात, हे खरं आहे. पाहुण्यांना कुरणच दाखवायचं. त्यातून एक पट्टेवाला मासा सावकाश बाहेर येईल.

भाषण लिहिलं. अकरा मिनिटं.

२८ एप्रिल

माशाला बाहेर यायचं वळण लावतो आहे. काचेवर खडूनं तीन टिचक्या, मग खाणं. सकाळपासून चाळीस वेळा. आला नाही.

दुपारी महांतप्पा केर काढायला आला. तो टाकीशी वाकला नुसता, तर मासा वर. तो रोज त्याला भाकरीचा चुरा घालतो, असं कळलं. मोजकंच खाऊ घाला, या सूचनेचा भंग इतके दिवस कोण करत होता, ते समजलं. रागावणार होतो. मेमो आठवला.

३० एप्रिल

हेडसरांचा निरोप समारंभ. त्यांनी भाषणात सांगितलं की शाळा योग्य हाती जाईल. त्या वेळी ते माझ्या दिशेनं पाहत होते. घड्याळ माझ्या मागं आहे, पण तरी.

मालननं टाकीसाठी पडदा शिवून दिला. शिवताना विचारत होती, नाव पुकारलं न्हाय तर काय करणार? हा प्रश्नच चुकीचा आहे, असं सांगितलं. तिनं दोरा तोडला.

१ मे १९८६, गुरुवार. सकाळी ६

कोट घातला आहे. हवा स्थिर. मासा जिवंत. सर्व काही ठरल्याप्रमाणे.

दुपारी ४

क्रमानं लिहितो.

झेंडावंदन झालं. टाकी मंडपात आणली होती, सहा जणांनी उचलून. पुढं नानासाहेब आणि पाहुणे, मागं गावकरी, डावीकडं बायका. दोनशे तरी माणसं असतील. पडद्याची दोरी महांतप्पाच्या हातात.

पडदा बाजूला झाला. मी तीन टिचक्या मारल्या. मासा आला नाही. मी भाषण सुरू केलं. दुसऱ्या पानावर नानासाहेब उठून टाकीपाशी आले, खाली वाकले आणि आत बघत राहिले. त्यांचा स्वतःचा चाळीस एकराचा मळा वाळून गेला आहे. त्यांच्या तोंडाकडं पाहून मला वाटलं, जमलं.

ते म्हणाले, सर, यंदा जिल्ह्यात इतकं हिरवं मी कुठं बघितलं न्हाय. ह्याला पाणी किती लागतं?

हा आकडा मला पाठ होता. इतके दिवस कुणी विचारलाच नव्हता. मोठ्यानं सांगितलं, रोज सहा लिटर, गोडं, न चुकता, साडेतीन आठवडे.

सांगून झाल्यावर मंडपाकडं पाहिलं. मागच्या बाजूला टँकरच्या रांगेतले सगळे चेहरे होते.

नानासाहेबांनी विचारलं, "कुठलं पाणी?"

मी म्हणालो, "घरचं."

बायकांच्या बाजूनं आवाज आला. मोठा नव्हता. "घरचं न्हाय."

मालन उभी होती. पदर डोक्यावर, नजर माझ्यावर नाही, टाकीवर. तिच्या घागरींचं पाणी कुठं गेलं, हे गावासमोर चुकीचं सांगितलेलं तिला चालणार नव्हतं. मला तिचा राग यायला हवा होता. वेळ मिळाला नाही.

नानासाहेबांनी चित्रकलेच्या बाईंकडं पाहिलं. बाईंनी महांतप्पाकडं पाहिलं. महांतप्पानं हातातल्या दोरीकडं पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं. थेंबांची रांग तोच रोज पुसत होता. तोंड उघडून एक शब्द बोलला असता तर सुटला असता, पण बोलला नाही. मी बोलेन याची वाट पाहत होता, असंही नाही. त्यानं ती आशा सोडलेली होती.

म्हणालो, "रांजणातलं."

भाषणाची सात पानं उरली होती. खिशात ठेवली.

नंतर नाव जाहीर झालं. बसवराज. टाळ्या बऱ्याच वाजल्या. मीही वाजवल्या, पहिल्यांदा उशिरा, मग जास्त. बसवराजांनी मंडपातच कागद मागवला आणि पहिला हुकूम लिहिला. महांतप्पाचा मेमो रद्द. हा हुकूम माझा होता. त्यांचं अक्षर चांगलं आहे.

नंतर नानासाहेबांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, समजूत घालतील. ते म्हणाले, गावाबाहेर जनावरांची छावणी उघडली आहे, चारशे जनावरं आहेत, पिण्याच्या हौदाला शेवाळ धरतं आणि गुरं तोंड लावत नाहीत. सुट्टीभर तिथं एक माणूस हवा. "तुमचा हात बसलाय त्या कामावर."

टोमणा असेल म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता. हौदाचीच काळजी होती.

माशाचं : आयुब आज डाळ भरून रत्नागिरीला निघाला. महांतप्पानं मासा हातानं धरला. मला धरता आला नाही. कॅनमध्ये टाकीतलंच पाणी, तोंडाला ओलं फडकं. आयुब म्हणाला, उद्या दुपारपर्यंत पोचवतो, वाटेत घाटात थांबून वारा देतो. टाकीतलं उरलेलं पाणी गटारात सोडणार होतो. कडूबाई आणि आणखी सहा-सात जणी बादल्या घेऊन आल्या. भांडी घासायला चालतं म्हणाल्या. शेवाळ शेळ्यांना गेलं. अर्ध्या तासात टाकी कोरडी.

घरी आलो. मालननं जेवायला वाढलं. आमटीत मीठ बरोबर होतं.

२ मे, शुक्रवार

सकाळी सहाला छावणीवर गेलो. हौद रिकामा करून नारळाच्या काथ्यानं घासला, दोन तास लागले. आठला टँकर आला. म्हशी पाणी प्यायल्या.